पास, रिजेक्ट, होल्ड

तात्या चित्र बघत नाहीत, तपासतात. चारचौघे चित्रापुढे उभे राहिले की मान किंचित कलती करतात, ओठ मिटून ‘हं’ म्हणतात आणि पुढं सरकतात. तात्या आधी चित्राच्या डाव्या अंगाला जातात, एक डोळा मिटतात आणि उजेडाच्या तिरप्या रेषेत पृष्ठभाग न्याहाळतात. मग उजव्या अंगाला. मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकतात आणि चौकटीचे कोपरे गुण्यात आहेत का ते पाहतात. चित्रात काय काढलंय हा प्रश्न त्यांच्याकडं सर्वांत शेवटी येतो. तो आला की खिशातली डायरी निघते, तिच्यात एक शब्द लिहिला जातो आणि चित्राचा निकाल लागतो. शब्द दोनच : ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात तात्यांनी उभी हयात तपासनीस म्हणून काढली. पंपाचं कास्टिंग फाउंड्रीतून आलं की त्यात कुठं ब्लोहोल आहे, कुठं वाळू चिकटलीय, कुठं हजाराव्या भागाचा फरक पडलाय, हे शोधून लाल टॅग बांधायचा. निवृत्त झाल्यावर कास्टिंग सुटलं, टॅग सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत जिलबी आली की तात्या आधी तिची वेढ्यांची जाडी बघतात. आयर्विन पुलावरून सांगलीला आलेल्या पाहुण्याला गणपतीचं देऊळ दाखवताना दगडाचे सांधे दाखवतात. सांगली–साताऱ्याच्या पट्ट्यात, जिथं जिथं एखादी लेथ फिरली, तिथं तिथं असा एक तात्या तयार झालेला आहे. त्याची ओळखीची खूण म्हणजे त्याच्या बोलण्यात देवाइतक्याच आदरानं येणारा एक शब्द : ‘जर्मन’.

“मशीन जर्मन होतं” हे वाक्य तात्या कधीच नुसतं म्हणत नाहीत. आधी जरा थांबतात, सुपारी गालाच्या दुसऱ्या बाजूला नेतात, मग म्हणतात. एखाद्या भारतीय मशीनची फारच स्तुती करायची झाली तर “जर्मनच्या खालोखाल” असं म्हणतात, आणि तेही त्या मशीनला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. “मास्तर, जर्मन माणूस चुकत न्हाई. चुकायला त्याला येळच न्हाई,” हा त्यांचा सिद्धांत आमच्या गल्लीत पाठ आहे.

कलेचा आणि तात्यांचा संबंध मात्र जर्मनीतून नव्हे, औंधातून आला. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. यमाईच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत त्यांनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभं केलं आणि त्यात राजा रविवर्म्यापासून पहाडी लघुचित्रांपर्यंत आणि युरोपातल्या जुन्या चित्रांच्या नकलांपासून हेन्री मूरच्या आई-मुलाच्या शिल्पापर्यंत जमवलेलं सगळं ठेवलं. याच राजानं १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाचा माळ दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी झाली. तात्यांच्या लेखी त्यामुळं औंधचं संग्रहालय आणि वाडीचा कारखाना ही एकाच मालकाची दोन खाती आहेत. एका खात्यात पंप, दुसऱ्या खात्यात चित्रं. तपासणी दोन्हीकडं लागतेच.

त्यांचा दुसरा पुरावा आणखी भक्कम. “आमचे लक्ष्मणराव मुंबईला कशाला गेलते, म्हाईत हाय? चित्रकला शिकायला!” हे खरं आहे. लक्ष्मणराव १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले होते. पुढं त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं निघालं, म्हणून रंगचित्रं सोडून ते यांत्रिक रेखांकनाकडं वळले. त्यातून शिक्षक झाले, त्यातून सायकलचं दुकान, लोखंडी नांगर आणि बाकीचं सगळं. तात्या ही गोष्ट अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, महाराष्ट्राची औद्योगिक क्रांती ही डोळ्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर झाली.

तर असे हे तात्या काकूंना घेऊन म्युनिचला मुलाकडं गेले. व्हिसा तीन महिन्यांचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मुलाच्या घराचे दरवाजे, बिजागऱ्या आणि ट्रामचे रूळ तपासले आणि सगळं पास केलं. दुसऱ्या आठवड्यात मुलाला काळजी पडली की आता बाबा शेजाऱ्यांची घरं तपासायला निघतील. म्हणून त्यानं त्यांना आल्टे पिनाकोथेक या जुन्या चित्रांच्या संग्रहालयात नेऊन सोडलं. तिथं तात्यांना दोन शोध लागले. एक, जर्मन लोक पाचशे वर्षांपूर्वीही जर्मनच होते. दोन, रविवारी तिकीट फक्त १ युरो असतं. दुसरा शोध पहिल्यापेक्षा मोठा ठरला. त्यानंतर त्यांचा एकही रविवार घरी गेला नाही. इतर दिवशी कुणी न्यायला निघालं तर तात्या म्हणायचे, “आज माल त्योच, भाव ज्यादा. कशापायी?”

तिथलं त्यांचं पहिलं ‘पास’ मिळालं आल्ब्रेख्ट ड्युररला. १५०० साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं काढलेलं स्वतःचं चित्र : लाकडी फळी, ६७ बाय ४९ सेंटिमीटर, अंगात फरची कॉलर, खांद्यावर उतरलेल्या केसांच्या बटा, आणि हा माणूस सरळ आपल्याकडं बघतोय. बघणारे तिथं गंभीर होतात, कारण चेहरा येशूच्या धाटणीनं काढलेला आहे. तात्या गंभीर झाले ते केसांमुळं. एकेक केस वेगळा. त्यांनी डाव्या बाजूनं पाहिलं, उजव्या बाजूनं पाहिलं, इतकं जवळ जाऊन पाहिलं की रखवालदार दोनदा खाकरला. ड्युररचा बाप सोनार होता आणि पोरगा आधी बापाच्याच दुकानात शिकला, हे मुलानं सांगितल्यावर तात्यांना सगळा उलगडा झाला. “तरीच! ह्यो टूलरूमचा माणूस हाय.”

त्याच ड्युररची एक आख्यायिका त्याच्या काळच्या एका विद्वानानं लिहून ठेवली आहे. व्हेनिसचा म्हातारा चित्रकार बेलिनी त्याला म्हणाला, ज्या ब्रशनं तू असे केस काढतोस तो ब्रश मला दे. ड्युररनं साधेच ब्रश पुढं केले. यातला कुठलाही घ्या म्हणाला. ही गोष्ट तात्यांना मुलानं गोष्ट म्हणून सांगितली. तात्यांनी ती तक्रार म्हणून ऐकली. “बघ! चांगलं काम दिसलं की लोक टूल मागत्यात. हात कोण मागत न्हाई.” वाडीत चाळीस पोरांना हाताखाली तयार केलेल्या माणसाचं ते वाक्य होतं, त्यामुळं मुलगा गप्प बसला.

आल्टडॉर्फरची ‘अलेक्झांडरची लढाई’ मात्र त्यांच्या डायरीत बरेच दिवस अडकून राहिली. १५२९ सालचं हे चित्र माणसाच्या उंचीहून थोडं लहान, आणि त्यात हजारो सैनिक; प्रत्येकाला भाला, प्रत्येकाला चिलखत, घोड्यांना झुली. तात्यांनी मोजायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी डावा कोपरा झाला. दुसऱ्या रविवारी मध्येच जपानी पर्यटकांचा जथा आला आणि आकडा चुकला. पण तात्यांचा खरा आक्षेप सैन्यावर नव्हता, आभाळातल्या पाटीवर होता. चित्राच्या वरच्या भागात लढाईची माहिती देणारी एक मोठी पाटी ढगांत टांगलेली आहे. खाली तिची दोरी लोंबते, पण वर ती कशाला अडकवलीय ते दाखवलेलंच नाही. “एवढं वजन, आणि सपोर्ट कुठाय?” रखवालदाराला त्यांनी बोटानं हेच विचारलं. रखवालदारानंही वर पाहिलं. इतकी वर्षं त्या दालनात उभा असून त्याच्या हे लक्षात आलं नसावं, असं त्याचा चेहरा सांगत होता, असं तात्या सांगतात.

संग्रहालयाच्या दुकानातून त्यांनी ड्युररच्या एका कोरीवचित्राचं पोस्टकार्ड घेतलं : ‘मेलेंकोलिया’, १५१४. पंख असलेली एक बाई गालाला मूठ लावून बसली आहे. हातात कंपास, भोवती करवत, रंधा, खिळे, पट्टी, तराजू, वाळूचं घड्याळ. चारशे-पाचशे वर्षं पंडित या चित्राचा अर्थ लावताहेत. प्रतिभावंताचं औदासीन्य, बुद्धीची मर्यादा, शनीचा प्रभाव. तात्यांना एका नजरेत अर्थ लागला : “हाऊसकीपिंग शून्य. सगळी हत्यारं भुईवर. काम हुईल कसं? मग बसायचं असं तोंड करून.” भिंतीवरच्या चौरसात सोळा आकडे आहेत. आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज करा, ३४ येते. आणि खालच्या ओळीत मधोमध १५ आणि १४, म्हणजे चित्राचं साल. तात्यांनी विमानात सगळ्या बेरजा करून पाहिल्या आणि ‘पास’ लिहिलं. शेजारी बसलेल्या काकूंनी ते कार्ड हातात घेतलं, त्या बाईच्या कमरेला लोंबणारा किल्ल्यांचा जुडगा पाहिला आणि म्हणाल्या, “घरचं सगळं हिच्याच अंगावर पडलं आसंल. बसू दे की जरा.” सगळ्या पंडितांत मला काकूंचा अर्थ जवळचा वाटतो.

तात्यांच्या सिद्धांताला तडा गेला तो फ्रँकफर्टला. श्टेडेल संग्रहालयात टिशबाइनचं १७८७ सालचं मोठं चित्र आहे : महाकवी गटे रोमजवळच्या माळरानावर पडक्या दगडांवर रेलून बसलाय, डोक्याला रुंद टोपी, अंगावर पांढरा झगा. जर्मनीत हे चित्र शाळेच्या पुस्तकापासून चहाच्या कपापर्यंत सगळीकडं असतं. तात्यांनी चौकट पास केली, झग्याच्या चुण्या पास केल्या. मग खाली वाकले आणि तसेच राहिले. काकूंना वाटलं, कंबर धरली.

“अगं, दोन्ही पाय डावे हैत.”

खरोखरच आहेत. गटेच्या उजव्या पायाच्या जागी दुसरा डावाच पाय बसवलाय. हे जाणकारांना केव्हापासून ठाऊक आहे, पण तात्यांनी ते कुणाच्या मदतीशिवाय पकडलं होतं. आयुष्यभर ज्या देशाच्या मालाची कुणी चूक काढू शकलं नाही त्या देशाच्या राष्ट्रीय कवीचा पाय त्यांनी फायनल इन्स्पेक्शनमध्ये अडवला. आनंद व्हायला हवा होता. पण त्या दिवशी तात्या जेवले नाहीत. मुलानं विचारलं तर म्हणाले, “शंभर जणांनी बघून सोडलं म्हणजे काय? तपासणी खातं हुतं का न्हाई?”

त्यानंतर त्यांना जर्मन चुका दिसू लागल्या. ड्युररचा गेंडा तर त्यांनी आम्हाला शाळेत येऊन समजावून सांगितला. ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावरून सुरू होते. गुजरातच्या सुलतानानं पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून जहाजानं निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. युरोपनं शेकडो वर्षांत गेंडा पाहिला नव्हता. न्युरेंबर्गात बसलेल्या ड्युररनंही पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं पत्र आणि ओबडधोबड रेखाटन एवढ्यावर त्यानं लाकडी ठसा केला. त्यामुळं त्या गेंड्याच्या अंगाला चिलखताचे पत्रे आहेत, पत्र्यांच्या कडेनं रिव्हेट मारल्यासारखे ठिपके आहेत, आणि खांद्यावर एक जादा छोटं शिंग आहे. पुढं दोन-अडीचशे वर्षं युरोपनं हाच गेंडा खरा मानला. तात्या वर्गातल्या पोरांना म्हणाले, “नुसत्या ड्रॉइंगवरनं पार्ट केला तर काय हुतं, त्ये हे. पण हात बघा. पार्ट चुकला, पण फिटर वस्ताद!” एका पोरानं विचारलं, मग पास का रिजेक्ट? तात्या थोडे घुटमळले. चूक आहे आणि भारी आहे, यासाठी जर्मनीला जाईपर्यंत डायरीत रकानाच नव्हता.

रकाना मिळाला तो म्युनिचच्या लेनबाखहाउसात, तिथून निघायच्या आधीच्या आठवड्यात. तिथं फ्रान्झ मार्कचा ‘निळा घोडा’ आहे, १९११ सालचा. तरणा घोडा, मान खाली घातलेली, आणि अंगाला गाढ निळा रंग. मागचे डोंगर लाल, जांभळे, पिवळे. तात्यांनी चौकटही तपासली नाही. “घोडा निळा? रिजेक्ट.” काकू म्हणाल्या, “अहो, तुमच्या लक्ष्मणरावांसारखं असंल त्येंचं. रंग वळखू येत नसतील.” तात्यांना हा मुद्दा एकदम बिनतोड वाटला. त्यांनी पेन मागं घेतलं. रंग न ओळखणाऱ्या माणसानं एवढं उभं केलं, तर घोड्याचं बघायला हरकत नव्हती.

मग मुलानं त्यांना पुढची हकीकत सांगितली. फ्रान्झ मार्क पहिल्या महायुद्धात १९१६ साली व्हर्दनला मारला गेला. त्यानंतर २१ वर्षांनी याच म्युनिच शहरात नाझींनी एक प्रदर्शन भरवलं. नाव दिलं ‘भ्रष्ट कला’. देशभरातल्या संग्रहालयांतून उचललेली सुमारे ६५० चित्रं–शिल्पं वाकडीतिकडी टांगली, भिंतींवर टिंगलीचे शेरे लिहिले. वीस लाखांवर माणसं ते बघून गेली. मार्कचं निळ्या घोड्यांचं दुसरं एक चित्र त्यात होतं. देशासाठी मेलेल्या सैनिकाचं चित्र असं टांगता म्हणून माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेनं तक्रार केली, तेव्हा ते चित्र काढलं गेलं. पुढं ते कुठं गेलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. आणि हा सगळा निकाल देणारा हिटलर स्वतः तरुणपणी चित्रकार व्हायला व्हिएन्नाच्या अकादमीत गेला होता. १९०७ आणि १९०८ साली, दोन्ही वेळा त्याला प्रवेश नाकारला गेला.

तात्या बाकावर बसले. तपासनीस म्हणून त्यांना एकच गोष्ट आजवर पवित्र होती : रिजेक्टचा शिक्का. तो शिक्का त्यांच्याच श्रद्धेच्या देशात, इतक्या पद्धतशीरपणे, नोंदवह्या ठेवून आणि याद्या करून मारला गेला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, “दोनदा रिजेक्ट झालेल्या माणसाला तपासणीवर बसवायचं नसतं. त्यो माल बघत न्हाई, सूड बघतो.”

काकूंना त्याच संग्रहालयात दुसरी गोष्ट आवडली. गाब्रिएले म्युंटर ही चित्रकार बाई. कँडिन्स्की या चित्रकाराची आणि मार्कच्या मंडळींची चित्रं तिनं नाझींच्या काळात आपल्या गावाकडच्या घरात तळघरात लपवून ठेवली आणि १९५७ साली, स्वतःच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, शहराला देऊन टाकली. लेनबाखहाउस त्या दानावर मोठं झालं. “म्हणजे इन्स्पेक्टरांनी टाकलेलं बाईनं ठेवलं,” काकू म्हणाल्या. “परत्येक घरात अशी एक बाई लागतीच. न्हाईतर तुम्ही लोकांनी काय शिल्लक ठेवलं नसतं.” तात्यांनी उत्तर दिलं नाही. डायरी काढली, ‘निळा घोडा’पुढं लिहिलेला ‘रि’ खोडला आणि तिसरा शब्द लिहिला. कारखान्यात हा शब्द होता, पण त्यांनी तो फार क्वचित वापरलेला : ‘होल्ड’. म्हणजे माल बाजूला ठेवा, फेकू नका, निर्णय नंतर.

परतीच्या आधी मुलानं त्यांना दोन दिवस बर्लिनला नेलं. तिथल्या आल्टे नॅशनलगॅलरीत तात्यांना त्यांचं चित्र भेटलं. आडोल्फ मेन्झेलचं ‘लोखंडाची रोलिंग मिल’, १८७२ ते १८७५. अडीच मीटर लांब. मधोमध तापून पांढरं झालेलं लोखंड रोलरमध्ये ढकलणारी माणसं, वर धूर, पट्टे, चाकं. डाव्या अंगाला पाळी संपवून अंग धुणारे, उजव्या कोपऱ्यात पत्र्याच्या आडोशाला भाकरतुकडा खाणारे, आणि जेवणाची टोपली घेऊन आलेली एक पोरगी, जी एकटीच आपल्याकडं बघते. साडेचार फूट उंचीचा हा चित्रकार सायलेशियातल्या कारखान्यात जाऊन बसला होता, शंभरावर रेखाटनं केली होती, आणि मगच त्यानं कॅनव्हासला हात लावला.

तात्यांनी एक डोळा मिटला नाही. चौकटीकडं वाकले नाहीत. म्हणाले, “दुसरी पाळी सुटलीया.” मग त्यांनी काकूंना चित्र समजावून सांगायला सुरुवात केली : हा सांडशीवाला नवा आहे, त्याला भीती वाटतेय, हा म्हातारा वस्ताद, हा बघत नाही, आवाजावर काम करतो, चष्मा नाही, हातमोजा नाही, भाजल्यावर कोण विचारत होतं. कोपऱ्यातला तो माणूस जेवताना पाठ करून बसलाय, कारण डब्यात फार काही नाही. आसपास जर्मन लोक जमले. मराठी कुणाला कळत नव्हती, पण सगळे तात्यांच्या बोटाकडं पाहत राहिले. डायरी त्या दिवशी निघाली नाही. रात्री काकूंनी विचारलं तर म्हणाले, “आपल्या खात्याच्या माणसांना काय तपासायचं?”

तात्या परत आले ते आमच्यासाठी जरा अवघड होऊन. आता ते पाहुण्याला औंधला नेतात तेव्हा पलूस, कडेगाव, पुसेसावळी अशी वाट संपेपर्यंत जर्मन चित्रकला पाचशे वर्षं पुढं सरकलेली असते. संग्रहालयात प्रत्येक तैलचित्राच्या कोपऱ्यात चष्मा कपाळावर चढवून सही शोधतात, कारण ए. एच. म्युलर नावाचा एक चित्रकार होता, कोचीनला जन्मलेला, बाप जर्मन आणि आई भारतीय, आणि संस्थानिकांसाठी त्यानं खूप चित्रं काढली, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. म्युलर सापडेपर्यंत पाहुण्यांना चहा मिळत नाही. हेन्री मूरच्या शिल्पापुढं पूर्वी ते न थांबता जात. आता थांबतात, आईला चेहरा नीट नाही, बाळाचं बाळपण कळत नाही, हे पुन्हा एकदा पाहतात आणि म्हणतात, “होल्डवर हाय.” मी विचारलं, किती वर्षं ठेवणार? “घाई कुणाला हाय? त्याला न्हाई, मला न्हाई.”

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली, तेव्हा रांगेत तात्याही होते. लोक हात जोडत होते, फोटो काढत होते. तात्या एवढंच म्हणाले, “घडाई चांगली,” आणि मागच्या रांगेतल्या पोरांनी पुढं ढकलेपर्यंत काचेपाशी उभे राहिले. तपासणीचा एकही शब्द न काढता ते बाहेर आले, याची आमच्या गल्लीत अजून चर्चा आहे. कंदी पेढ्यांच्या दुकानात मात्र त्यांनी वजनकाटा तपासला.

भावी पाहुण्यांना मी एक इशारा देऊन ठेवतो. डोंगरावर, धुक्यात, पाठमोरे उभे राहून फोटो काढून घेऊ नका. कास्पर डाव्हिड फ्रीडरिखनं १८१८ च्या सुमारास धुक्याच्या समुद्राकडं बघणारा पाठमोरा प्रवासी काढला. मुलाच्या घरी त्याचा पोस्टर आहे आणि तात्यांनी तो तीन महिने पाहिलाय. महाबळेश्वरच्या पॉइंटवर आता ते प्रत्येक पाठमोऱ्या नवऱ्याच्या मागं उभे राहतात आणि त्याच्या बायकोला सांगतात, “पाय जरा फाकवायला सांगा. त्यात डावा पाय वर होता.”

आणि आता घरातली भानगड. काकूंच्या देवघरात लक्ष्मीची एक तसबीर आहे, सासूबाईंच्या वेळची. कागद पिवळा पडलेला, काचेवर हळदीकुंकवाचे थर. एका दिवाळीच्या साफसफाईत तात्यांनी तिला ‘स्क्रॅप’ म्हणून बाहेर काढलं होतं. काकूंनी ती गुपचूप माळ्यावर ठेवली आणि पुढच्या दसऱ्याला परत देवघरात आणली. जर्मनीहून आल्यावर काच पुसताना तात्यांना खालच्या कडेला बारीक अक्षरं दिसली : रविवर्मा प्रेस, कार्ला–लोणावळा.

राजा रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. दादासाहेब फाळके सिनेमात शिरण्याआधी या छापखान्यात काम करत होते, आणि १९०९ साली छपाईची यंत्रं बघायला तेही जर्मनीलाच गेले होते. चित्रातल्या प्रत्येक रंगाला वेगळा दगड. दगडावर चित्र उलटं काढायचं, आणि एकावर एक छापताना केसभर हललं तर देवीचा ओठ गालावर जायचा. हे शिळाछापाचं तंत्र अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरनं शोधलं ते म्युनिचमध्ये. उत्तम दगड निघायचा तो त्याच बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतून. म्हणजे तात्या ज्या शहरात दर रविवारी १ युरो मोजत होते, तिथला हात सासूबाईंच्या देवघरापर्यंत पोचलेला होता, आणि तात्यांनी स्वतः त्याला लाल टॅग बांधला होता.

काकू भजनाला गेल्या की तात्या भिंग घेऊन देवघरात बसतात. त्यांना आढळलंय की लक्ष्मीच्या साडीच्या काठावर लाल रंग रेषेबाहेर सुमारे अर्धा मिलिमीटर सरकलाय. जर्मन तंत्रज्ञ, जर्मन दगड, आणि तरी सरकलाय. डायरीत काय लिहावं यावर ते बरेच दिवस अडले. पास म्हणवेना, रिजेक्ट म्हणायची आता छाती नाही, आणि देवीला होल्डवर ठेवायचं म्हणजे घरात राहायचं की नाही हा प्रश्न. एकदा भजन लवकर संपलं आणि काकूंनी त्यांना भिंगासकट पकडलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “तिनं इतकी वरसं तुमच्यातला फरक बघितला. एक शब्द बोलली का?”

तात्यांनी डायरीत नोंद केली, तारीख टाकली, खाली सही केली, आणि पहिल्यांदाच ती मला वाचायला दिली : ‘लक्ष्मी, एक नग. फरक अर्धा मि.मी. गिऱ्हाइकाची तक्रार नाही. तपासणारा सुद्धा गिऱ्हाईकच.’